हत्तीची पेटी : कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि १९५७ चा निकाल

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागले की मंचर मागे टाकल्यावर आणि नारायणगावच्या अलीकडे कळंब लागते. तालुका आंबेगाव, पण जुन्नरची हद्द हाकेच्या अंतरावर. गावाची ओळख विचारली तर लोक कांद्याचे भाव सांगतील, महामार्गाचे काम सांगतील, डिंभ्याच्या पाण्याचे सांगतील. या पट्ट्यातल्या आपल्या तरुणांसोबत आम्ही अधूनमधून बसतो. विहारात सतरंजी, चहा, आणि विषय बहुतेक वेळा शिष्यवृत्तीचे अर्ज किंवा जातपडताळणीचा. अशाच एका बैठकीत निवडणुकीचा विषय निघाला. बी.एस्सी. करणाऱ्या एका मुलाने विचारले, आपल्या चळवळीचा माणूस इथून कधी खासदार झालाय का?

सगळ्यांनी मान हलवली. नाही म्हणून. आम्हीही नाहीच म्हणालो. समाजशास्त्रात एम. ए. केले, दहा वर्षे याच भागात काम करतो, तरी आम्हाला माहीत नव्हते. घरी येऊन जुन्या याद्या काढल्या तेव्हा चूक कळली, आणि पुढच्या बैठकीत ती कबूल करावी लागली.

१९५७ च्या लोकसभा निवडणुकीत पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातला खेड मतदारसंघ शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने जिंकला होता. खासदाराचे नाव बाळासाहेब साळुंके. जागा राखीव नव्हती, खुली होती. मराठ्यांची, माळ्यांची, महादेव कोळ्यांची, ठाकरांची गावे असलेल्या या मुलखाने बाबासाहेबांच्या पक्षाचा माणूस दिल्लीला पाठवला होता, आणि तेही बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या तीन महिन्यांत. वस्तीतल्या एका आजोबांना उमेदवाराचे नाव आठवेना. हत्ती मात्र आठवला. ते तेव्हा लहान होते. भिंतीवर चुन्याने हत्ती काढायचे काम मोठ्या पोरांकडे होते आणि चुन्याचे डबडे धरायचे काम यांच्याकडे.

या निकालाची गोष्ट सांगायची तर ती एका माणसाच्या आयुष्यातून सांगावी लागते. त्याच निवडणुकीत याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकमधून, तो माणूस निवडून आला होता. भाऊराव कृष्णाजी गायकवाड. आपले कर्मवीर दादासाहेब.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. घर महाराचे, म्हणजे वतनाचे. आजच्या पिढीला वतन म्हटले की काहीतरी मानाचे वाटते. महार वतन म्हणजे गावाची आणि सरकारची चोवीस तासांची चाकरी. सांगावे पोचवायचे, सरकारी वसुली वाहून न्यायची, मेलेली जनावरे ओढायची, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचे. बदल्यात जमिनीचा एक तुकडा आणि बलुते. तो तुकडा भावकीत वाटला जाऊन एकेकाच्या वाट्याला बांधाएवढा उरायचा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणले ते याचसाठी. दादासाहेबांच्या पुढच्या सगळ्या राजकारणात जमीन पुन्हा पुन्हा का येते, याचे उत्तर आम्हाला या बालपणात दिसते.

त्यांचे नाव महाराष्ट्राला कळले ते काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाने. २ मार्च १९३० ला नाशिकमध्ये हजारोंचा मोर्चा मंदिराकडे गेला आणि चारही दरवाजे बंद झाले. सत्याग्रह समितीचे सचिव भाऊराव गायकवाड होते. बाबासाहेब नाशिकला येत-जात राहिले, गोलमेज परिषदेसाठी लंडनलाही गेले. रोजचा सत्याग्रह चालवायचे काम नाशिकच्या माणसांवर होते. तुकड्या पाठवायच्या, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी धान्य पोचवायचे, गावोगावी बहिष्कार पडलेल्यांना धीर द्यायचा, पैशाचा हिशोब ठेवायचा. त्या वर्षीच्या रामनवमीला रथावरून दगडफेक झाली, डोकी फुटली. हे सगळे जवळपास पाच वर्षे चालले. दार उघडले नाहीच.

त्या पाच वर्षांत बाबासाहेबांनी दादासाहेबांना लिहिलेली पत्रे पुढे प्रकाशित झाली आहेत. ती आमच्या मुलांनी जरूर वाचावीत. त्यात पुतळ्यातले बाबासाहेब भेटत नाहीत. पैशाची चणचण, सभांच्या तारखा, कोणाला आवरायचे आणि कोणाला पुढे करायचे, याची चर्चा करणारे बाबासाहेब भेटतात, आणि ज्याच्यावर ते हे सगळे टाकतात तो नाशिकचा सहकारी भेटतो. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी मंदिराचा नाद सोडून शिक्षण आणि राजकारणाकडे शक्ती वळवायला सांगितले, तेही दादासाहेबांना लिहूनच. पुढच्या वर्षी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. येवला नाशिक जिल्ह्यातलेच. तिथे माणसे जमली ती या आधीच्या पाच वर्षांच्या बांधणीमुळे.

१९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात गेले. पक्षाच्या नावातच मजूर होता आणि खोती, वतन, शेतमजूर हे त्याचे प्रश्न होते. त्यानंतर १९४२ मध्ये फेडरेशन आले. दादासाहेब त्यातही पहिल्या फळीत होते. आम्ही इथे थांबत नाही, कारण आमचा विषय मतपेटी आहे आणि तिची खरी परीक्षा स्वातंत्र्यानंतर झाली.

ती परीक्षा आपण आधी हरलो. १९५२ ला खुद्द बाबासाहेब मुंबई शहर उत्तर मतदारसंघात पडले. तो दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. प्रत्येक मतदाराला दोन मते, एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी जिंकले आणि सत्तर हजारांवर मते बाद ठरली. सर्वसाधारण जागेवर कम्युनिस्ट नेते डांगे उभे होते. दुसरे मत वाया घालवण्याचा प्रचार झाला, अशी फेडरेशनची तक्रार होती, आणि ते प्रकरण निवडणूक याचिकेपर्यंत गेले. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत बाबासाहेब पुन्हा पडले, या वेळी आठ हजारांवर मतांनी. तिथे सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले.

१९५२ मध्ये मराठी मुलखातून फेडरेशनची लोकसभेची एकच जागा आली, सोलापूरची, पां. ना. राजभोजांची. तिथे शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे सर्वसाधारण जागेवर होते आणि दोघेही निवडून आले. जिथे दुसऱ्या समाजाची मते आपल्या पेटीत पडली तिथे जागा आली. दादासाहेब हे बघत होते.

पुढचे दोन-तीन वर्षांचे राजकारण नीट समजून घेण्यासारखे आहे. १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने कायदेमंडळातल्या राखीव जागा रद्द करण्याची मागणी करणारा ठराव केला. आज हे ऐकून आपल्या कार्यकर्त्यांना धक्का बसतो. पण संयुक्त मतदारसंघात राखीव जागेवर कोण निवडून येतो, हे मुंबई आणि भंडाऱ्याने दाखवले होते. राखीव जागेवरचा माणूस आपल्या जातीचा असला तरी निवडून देणारे बहुसंख्य दुसरेच असतात आणि तो त्यांना बांधलेला राहतो. त्याच वर्षी बाबासाहेबांचे भाषावार राज्यांवरचे पुस्तक आले. त्यात त्यांनी मराठी मुलखाची एकापेक्षा जास्त राज्ये सुचवली होती. एका मोठ्या राज्यात एकाच मोठ्या जातीचे वर्चस्व होईल, ही त्यांची भीती होती आणि ती काही खोटी म्हणता येत नाही.

तरीही ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि फेडरेशन तिच्यात गेले. समितीत समाजवादी होते, शेकाप होता, आणि १९५२ ला ज्यांच्यावर आपण संतापलो होतो ते कम्युनिस्टही होते. दादासाहेब समितीतले फेडरेशनचे प्रमुख नेते झाले. एस. एम. जोशी, अत्रे, डांगे, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या सोबत ते व्यासपीठावर बसू लागले. राग गिळून बसावे लागले असेल, असा आमचा अंदाज आहे. मुंबईच्या पराभवाला तेव्हा चारच वर्षे झाली होती.

मग १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. समाज पोरका झाला, हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचतो की त्यातला व्यवहार नजरेआड होतो. लोकसभेची निवडणूक फेब्रुवारी-मार्चमध्ये होती. अर्ज भरायचे होते, जागावाटप करायचे होते. बाबासाहेबांशिवायची ही पहिलीच निवडणूक, आणि फेडरेशन एका सामूहिक नेतृत्वाच्या हाती होते. रिपब्लिकन पक्ष काढायचा हे बाबासाहेबांनी ठरवले होते, पण तो अजून निघालेला नव्हता. शिवाय एक मोठी कायदेशीर अडचण होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीत धरले जात नव्हते. १९५६ मध्ये शिखांना त्यात घेतले, बौद्धांना नाही. ज्याने नागपूरला दीक्षा घेतली त्याने राखीव जागेवर कोणत्या तोंडाने उभे राहायचे?

म्हणून खेड आणि नाशिकच्या जागांना आम्ही इतके महत्त्व देतो. खुल्या जागेवर कोणालाही धर्म लपवायची गरज नव्हती. बौद्ध म्हणून उभे राहा आणि सगळ्यांची मते मागा. मागायची कशाच्या जोरावर, तर संयुक्त महाराष्ट्राच्या. नोव्हेंबर १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य लादले गेले होते. गोळीबारात शंभरावर माणसे गेली होती आणि पश्चिम महाराष्ट्र काँग्रेसवर उखडला होता.

तेव्हाच्या मतदानाची पद्धतही वेगळी होती. आजच्यासारखी बटणे नव्हती आणि शिक्काही नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले, आणि मतदाराने कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. वाचता न येणाऱ्या माणसाला हत्ती ओळखता आला म्हणजे झाले. आजोबांच्या चुन्याच्या डबड्याचे मोल यातून कळते. पण आमच्या मनात येते ते वेगळेच. पाटलाच्या घरातल्या माणसाने आडोशामागे जाऊन आपला कागद हत्तीच्या पेटीत टाकला असेल. ज्यांच्या विहिरीवर आपल्याला पाणी भरता येत नव्हते अशा घरातली ही मते. ती पडली नसती तर खेडची जागा येणे शक्य नव्हते, कारण आपली संख्या तेवढी नव्हतीच. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख ९० हजार बौद्ध नोंदले गेले, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येत शंभरात सात.

निकाल आला तेव्हा फेडरेशनचे सहा खासदार झाले होते. नाशिकमधून दादासाहेब, खेडमधून बाळासाहेब साळुंके, कोपरगावातून बी. सी. कांबळे, मुंबई शहर मध्यमधून जी. के. माने, कोल्हापुरातून शंकरराव दिघे, आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या चिकोडीतून दत्ता कट्टी. माने आणि दिघे दोन सदस्यांच्या मतदारसंघांतून आले, बाकीचे खुल्या जागांवरून. मुंबई शहर मध्यच्या दुसऱ्या जागेवर डांगे होते. १९५२ ला ज्यांच्यामुळे हरलो असे आपण म्हणत होतो त्यांच्याच जोडीने १९५७ ला जिंकलो. पुणे शहरातून ना. ग. गोरे आले, उत्तर साताऱ्यातून नाना पाटील, राजापुरातून नाथ पै. हा सगळा एकाच लाटेचा निकाल होता.

आता नकाशा जरा पूर्वेकडे सरकवून बघा. दीक्षाभूमी नागपुरात. फेडरेशनची जुनी, जिद्दी संघटना नागपुरात. दीक्षेला पाच महिनेही झाले नव्हते, म्हणजे भावना तिथे सर्वांत तीव्र. तरी नागपूरची लोकसभेची जागा काँग्रेसच्या अनसूयाबाई काळे यांनी जिंकली आणि विदर्भातून फेडरेशनचा एकही खासदार आला नाही. संयुक्त महाराष्ट्राची लाट तिथे नव्हती आणि समितीचा जोर नव्हता. या फरकाकडे आपल्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. बाबासाहेबांच्या पश्चात भावनेने समाज एक झाला म्हणून १९५७ चे यश मिळाले, असे अनेक भाषणांत ऐकायला मिळते. ते खरे असते तर सर्वांत आधी नागपूर आले असते. कळंबच्या मुलांना आम्ही हेच मांडून दाखवले आणि त्यावर वादही झाला. एकाचे म्हणणे होते की लाटेवर निवडून येण्यात आपले कर्तृत्व काय? प्रश्न योग्य होता. आमचे उत्तर असे की लाट सगळ्यांसाठी असते, पण तिच्यात आपली होडी असावी लागते. जागावाटपाच्या टेबलावर दादासाहेब बसले ते तीस वर्षांच्या कामाच्या जोरावर, आणि त्यांनी मागून घेतल्या त्या खुल्या जागा.

३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. एन. शिवराज अध्यक्ष झाले. लोकसभेत दादासाहेबांनी दोन गोष्टी लावून धरल्या. बौद्धांना सवलती, आणि भूमिहीनांना जमीन. राज्यात १९५८ चा कायदा होऊन महार वतन एकदाचे संपले. चाकरी गेली. जमिनीचे मात्र ठरलेली रक्कम सरकारजमा करून फेरवाटप करून घ्यायचे होते, आणि ज्याच्याकडे रक्कम नव्हती किंवा ज्याला हे कोणी सांगितलेच नाही त्याचा तुकडा अडकून पडला. आंबेगाव-जुन्नरमध्ये काम करताना आजही आमच्याकडे इनाम वर्ग सहा ब चे कागद घेऊन लोक येतात. सातबाऱ्यावर एक नाव, कसतो दुसराच, आणि आजोबांनी पैसे भरल्याची पावती पत्र्याच्या पेटीत वाळवीने खाल्लेली.

१९५९ मध्ये दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. पडीक, गायरान आणि वनखात्याच्या जमिनी कसणाऱ्यांना द्या, ही मागणी. नाशिक, खानदेश, मराठवाड्यात हजारो माणसे तुरुंगात गेली, त्यात बायका पुष्कळ होत्या. यात फक्त बौद्ध नव्हते. आदिवासी होते, इतर जातींतले भूमिहीन होते.

पक्ष फुटला तोही याच काळात. कोपरगावचे खासदार बी. सी. कांबळे आणि त्यांच्यासोबतचे शिकलेले, बहुतेक वकील मंडळी एका बाजूला. दादासाहेब दुसऱ्या बाजूला. दुरुस्त आणि नादुरुस्त अशी गटांची नावे पडली. कांबळे गटाचे म्हणणे होते की सत्याग्रह आणि डाव्यांशी सलगी हा बाबासाहेबांचा मार्ग नव्हे, राज्यघटनेच्या चौकटीतले संसदीय राजकारण हाच मार्ग. बाबासाहेबांनी संविधान सभेत सत्याग्रहाची पद्धत सोडायला सांगितले होते, त्यामुळे त्या आक्षेपाला आधार होता. दादासाहेबांच्या बाजूनेही बाबासाहेबच होते, खोतीविरुद्धचे आणि वतनाविरुद्धचे. तात्त्विक मतभेद होतेच. पण धोतर नेसणारा, कमी इंग्रजी शिकलेला खेड्यातला नेता आणि शहरातले पदवीधर, हाही भेद त्यात मिसळला होता. आम्ही स्वतः पदवीधर आहोत आणि ही टिपणी करताना आम्हाला थोडे अवघडल्यासारखे होते. वस्तीत गेल्यावर सातबारा वाचता येत नाही आणि फुको मात्र सांगता येतो, अशी आमचीही पिढी आहे.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले. समितीचे काम संपले आणि समिती विरली. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या बौद्धांना सवलती दिल्या. केंद्रात त्या मिळायला १९९० उजाडले. समितीतले अनेक जण हळूहळू काँग्रेसमध्ये गेले. १९६२ ला खेडची जागा काँग्रेसने घेतली. उमेदवार होते र. के. खाडिलकर, जे १९५७ ला अहमदनगरमधून काँग्रेसविरोधात निवडून आले होते. नाशिकही काँग्रेसकडे गेले. रिपब्लिकन पक्षाला महाराष्ट्रातून लोकसभेची एकही जागा मिळाली नाही. त्याच निवडणुकीत उत्तर प्रदेशातून मात्र तीन जागा आल्या, अलीगढमधून बी. पी. मौर्य निवडून आले. तिथे दलित आणि मुस्लिम मतदार एकत्र आले होते. पाच वर्षांपूर्वी इथे जे घडले त्याचेच हे दुसरे रूप होते, फक्त महाराष्ट्राच्या बाहेर.

लोकसभा सुटली तरी दादासाहेब थांबले नाहीत. १९६२ ते १९६८ ते राज्यसभेत होते. १९६४ मध्ये शिवराज गेल्यावर पक्षाची धुरा त्यांच्याकडे आली आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला देशभरचा भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. पंजाबपासून दक्षिणेपर्यंत लाखो माणसांनी अटक करून घेतली. तुरुंग पुरेनात. मागण्यांच्या यादीत कसणाऱ्याला जमीन होती, किमान वेतन होते, बौद्धांच्या सवलती होत्या आणि संसदेत बाबासाहेबांचे चित्र लावण्याची मागणीही होती. लालबहादूर शास्त्रींच्या सरकारला चर्चा करावी लागली. २ एप्रिल १९६७ ला संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. ६ डिसेंबरला आणि १४ एप्रिलला टीव्हीवर ज्या पुतळ्याला फुले वाहताना दिसतात, त्याच्यामागे तुरुंगात गेलेल्या शेतमजुरांचीही ताकद आहे. जमिनीची मागणी मात्र तुकड्यातुकड्यांनी मान्य झाली आणि तुकड्यातुकड्यांनी विसरली गेली.

१९६७ मध्ये दादासाहेबांनी यशवंतरावांच्या काँग्रेसशी जिल्हा परिषदांच्या निवडणुकीत युती केली. हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत वादग्रस्त निर्णय आणि आम्हालाही तो पटत नाही. १९५७ ची आघाडी बरोबरीची होती. मागण्या सामायिक होत्या, जागा ठरवून घेतल्या होत्या. १९६७ च्या युतीत एका बाजूला सत्ता होती आणि दुसऱ्या बाजूला फुटलेला पक्ष. पदे काहींना मिळाली, गावात अत्याचार झाला की बोलणारे कमी झाले. पाच वर्षांनी १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा त्या तरुणांचा राग या राजकारणावरही होता. पण दादासाहेबांना एवढ्या एकाच निर्णयाने मोजणाऱ्यांनी आधीची सदतीस वर्षेही वजनात टाकावीत.

१९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ ला दिल्लीत त्यांचे निधन झाले.

पुढे १९९८ मध्ये पुन्हा एकदा तसाच निकाल लागला. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले मुंबईतून, चौघेही खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. काँग्रेससोबत जागावाटप होते आणि चारही गट त्यापुरते एकत्र होते. तेरा महिन्यांत लोकसभा बरखास्त झाली आणि एकीही टिकली नाही. आपल्या तरुणांना १९९८ ऐकून माहीत असते. १९५७ माहीत नसते, आणि दोन्ही शेजारी ठेवून कोणी दाखवत नाही.

राज्य सरकारची एक योजना दादासाहेबांच्या नावाने आहे, कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन विकत घेऊन द्यायची, अशी ती आहे. कागदावर चांगली आहे. कळंबच्या बाजूला, महामार्गाच्या कडेला, योजनेच्या दरात जमीन विकणारा शेतकरी आम्हाला अजून भेटलेला नाही. एका कार्यालयात आम्ही एका विधवा बाईंचा अर्ज घेऊन गेलो तर तिथल्या बाबूने आम्हालाच सांगितले की तुम्ही जमीन शोधून आणा, मग बघू. तीन हेलपाटे झाले. बाई अजून दुसऱ्याच्या कांद्यावर मजुरीला जातात.

त्या बी.एस्सी. वाल्या मुलाने पुढे आणखी एक प्रश्न विचारला. खेडचा मतदारसंघ आता नाही, शिरूर आहे. मतदार कितीतरी पटीने वाढले, भोसरी-हडपसरसारखी शहरी वस्ती आत आली. मग १९५७ चा आपल्याला उपयोग काय? आम्ही त्याला जुन्नरच्या लेण्यांचे सांगितले. तो तिथे अनेकदा गेलेला, फोटोही काढलेले. पण तिथल्या शिलालेखांत दान देणारे कोण आहेत हे त्याला माहीत नव्हते. धान्याचे व्यापारी आहेत, बांबूचे काम करणारे आहेत, कासारांची श्रेणी आहे, यवनही आहेत. दीडशेहून जास्त लेणी कुठल्या एका जातीने खोदून घेतली नाहीत. तो म्हणाला, हे निवडणुकीत कसं वापरायचं? आम्हालाही लगेच सांगता आले नाही, आणि बैठक हसण्यावारी गेली.

सध्या मुलांनी एक काम हाती घेतले आहे. कळंब आणि आसपासच्या गावांतल्या वतनाच्या जमिनींची यादी करायची. कोणाची होती, फेरवाटप झाले का, आज कोण कसतो, कागद कुठे आहेत. आतापर्यंत अकरा घरांचे उतारे जमले आहेत. यादी करताना असे लक्षात आले की ठाकरांच्या वाडीतल्या लोकांचेही वनजमिनीचे दावे असेच अडकलेले आहेत आणि त्यांनाही त्याच टेबलावर खेटे घालावे लागतात. पुढच्या रविवारच्या बैठकीला वाडीतले पाच-सहा जण येणार आहेत. विहारात जागा पुरणार नाही, म्हणून बैठक शाळेच्या पटांगणात ठेवली आहे. आजोबांनाही आणायचे आहे. हत्ती अजून काढता येतो, असे ते म्हणतात.